सुटा सुटा मिळणारा वेळ अभ्यासाला कसा लावावा?

मोगरा (बदलापूर):

नमस्कार. मी बदलापूरला राहते आणि ठाण्यातील एका बँकेच्या शाखेत काम करते. थोरली मुलगी दुसरीत आहे, धाकटा नुकताच दोन वर्षांचा झाला. यजमानांची नोकरी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत असून त्यांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. दिवसभर धाकट्याला सासूबाई सांभाळतात, त्यामुळे संध्याकाळी मी चपला काढल्या की आधी त्यांना मोकळे करायचे, हा आमच्या घरचा न बोललेला करार आहे आणि तो मला मान्यही आहे.

येत्या खेपेला मी जेएआयआयबीला बसणार आहे. बँकेबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, की बँक कर्मचाऱ्यांसाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते. चार विषय असतात, प्रत्येकाला १०० गुण आणि दोन तास. उत्तीर्ण होण्यासाठी ५० गुण लागतात, किंवा एकाच खेपेत चारही विषयांत किमान ४५ आणि एकूण ५० टक्के असले तरी चालते. लग्नाआधी मी अभ्यासाला बसले की सलग तीन तास उठत नसे. आता सलग असा वेळ मिळतच नाही, जो मिळतो तो सुटा सुटा मिळतो.

गेल्या बुधवारी मी वहीत या मधल्या वेळांची नोंद केली. सकाळी कुकर चढवल्यापासून तिसऱ्या शिटीपर्यंत १२ मिनिटे. जाताना लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर ४५. दुपारी डबा खाऊन झाल्यावर १०. संध्याकाळी मुलीच्या स्केटिंगच्या वर्गाबाहेर ४०. आणि रात्री धाकटा झोपल्यावर, माझे डोळे मिटण्याआधी, २०. बेरीज दोन तास सात मिनिटे. बँकेत असल्यामुळे ती दोनदा तपासली. कागदावर रोज दोन तास जमा दिसतात आणि महिनाअखेरीस खात्यात काहीच शिल्लक नाही, असा हा प्रकार आहे. पुस्तक काढायचे, पान शोधायचे, काल कुठवर वाचले ते आठवायचे, एवढ्यात शिटी होते. रिझर्व्ह बँकेच्या कार्यांची तीच दोन पाने मी या महिन्यात चार वेळा वाचली आहेत.

‘पहाटे चारला उठा’ हा सल्ला कृपया देऊ नये. धाकटा अजून रात्रीतून एकदा उठतो, आणि पहाटे चारला उठलेली बाई दुपारी चारला काउंटरवर नोटा मोजताना काय करते हे मी स्वतः अनुभवले आहे. ज्या आयांनी अशा तुकड्यातुकड्यांच्या वेळात खरोखर एखादे काम तडीस नेले आहे, त्यांनी ते नेमके कसे केले हे मला जाणून घ्यायचे आहे.

तिसरी शिटी (पुणे):

मी परीक्षेचा अभ्यास केलेला नाही, पण दोन मुलांच्या मागे धावताना जर्मन भाषेची पहिली पातळी पूर्ण केली, तेवढ्यापुरते सांगते. मी माझ्याच आवाजात शब्द आणि वाक्ये मोबाइलवर मुद्रित केली आणि भांडी घासताना ऐकली. दुसऱ्याच्या आवाजापेक्षा स्वतःचा आवाज ऐकताना लक्ष लवकर उडत नाही, कारण आपण कुठे चुकलो होतो ते आपल्याला ठाऊक असते. हेडफोन एकाच कानात घालावा. दुसरा कान मुलांसाठी मोकळा हवा. मुद्रण सुरू करण्यापूर्वी मोबाइलचे इंटरनेट बंद करायला मात्र विसरू नका. शाळेच्या पालकांच्या गटावर ‘उद्या पांढरे मोजे की निळे’ ही चर्चा एकदा डोळ्यांपुढे आली, की तुमची १२ मिनिटे त्या मोज्यांत गेली म्हणून समजा.

गोदाकाठ (नाशिक):

मोगराताई, माझा मुलगा अडीच वर्षांचा असताना मी हीच परीक्षा दिली. पहिल्या खेपेला दोन विषय राहिले, दुसऱ्या खेपेला तेही सुटले. त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

तुमची बेरीज बरोबर आहे, पण त्या पाच आकड्यांची जात एक नाही, आणि निरनिराळ्या जातीच्या गोष्टींची बेरीज करू नये हे आपल्याला शाळेतच शिकवलेले असते. कुकरच्या वेळी हात गुंतलेले असतात आणि डोके मोकळे असते. लोकलमध्ये जागा मिळाली तर हात आणि डोके दोन्ही मोकळी असतात. येताना उभे राहावे लागले तर फक्त कान. डबा खाल्ल्यानंतरच्या दहा मिनिटांत काही नवे वाचू नये, सकाळचे आठवून पाहावे. रात्रीची वीस मिनिटे तर मी तुमच्या जागी असते तर वहीतून सरळ खोडून टाकली असती. त्या वेळी वाचलेले सकाळी आठवत नाही आणि आपण अभ्यास केला असे खोटे समाधान तेवढे मिळते.

माझाही वेळ वाचण्यात जात नव्हता, मांडामांड करण्यात आणि ‘आता काय वाचू’ हे ठरवण्यात जात होता. ते ठरवण्याचे काम मी आदल्या रात्रीवर टाकले, जसे आपण विरजण लावून झोपतो. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. त्यांच्या कोऱ्या पाठी कापून मी पत्त्यांएवढी कार्डे केली. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. रोज रात्री त्यांतली फक्त तीन काढून कपड्यांच्या चिमट्याने ओट्यावरच्या मसाल्याच्या फळीला लावायची. सकाळी पुस्तक काढायचेच नाही, मान वर केली की प्रश्न समोर.

एक उदाहरण देते. कार्डावर एवढेच लिहिले होते: ‘चेक न वटता परत आला. कलम १३८. पुढे काय?’ कणीक मळताना मी उत्तर मोठ्याने म्हणायचे. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला नोटीस पाठवायची, नोटीस मिळाल्यापासून पैसे चुकते करायला त्याला १५ दिवस, ते उलटूनही पैसे आले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार. पहिल्या दिवशी माझे १५ आणि ३० उलटसुलट झाले. हात कणकेत असल्यामुळे कार्ड उलटून पाहता येईना, आणि त्या नाइलाजाने डोक्याला जे ताणावे लागले त्यामुळेच ते पक्के बसले, असे मला आजही वाटते. उत्तर चटकन पाहता येत असते तर मी पाहिलेच असते. आठवडाभराने आमचा मुलगा खेळण्यातल्या गाडीला ‘तीस, पंधरा, एक महिना’ असे म्हणत ढकलत होता.

तुकड्यातुकड्यांनी केलेला अभ्यास म्हणजे नाइलाजाचा अभ्यास, असेही समजू नका. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि ते १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. आवर्तने एकाच बैठकीत करण्यापेक्षा ती काही दिवसांवर पसरली तर एकूण कमी आवर्तनांत पाठ होते, असे त्यांना आढळले. म्हणजे रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली आणि १ जानेवारी १९४९ रोजी तिचे राष्ट्रीयीकरण झाले, १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण १९ जुलै १९६९ चे आणि आणखी सहांचे १५ एप्रिल १९८० चे, कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की ते खाते अनुत्पादक, ठेवीवरचे विमासंरक्षण पाच लाखांपर्यंत, असल्या गोष्टींना तीन तासांची बैठक हवी कशाला? त्यांना रोज तीन मिनिटेच द्यावीत, पण सलग पंधरा दिवस.

मात्र हिशेबाच्या विषयाला हे अजिबात लागू नाही, आणि माझे पहिल्या खेपेचे दोन विषय राहिले ते हे न कळल्यामुळे. घसारा, बँक जुळवणी पत्रक, अंतिम खाती या गोष्टी ओट्यापाशी होत नाहीत आणि लोकलमध्येही होत नाहीत. गणित अर्धवट सोडून पुन्हा हातात घेतले की निम्मा वेळ आधीच्या ओळी समजून घेण्यात जातो. त्यासाठी टेबल, वही, कॅल्क्युलेटर आणि निदान दीड तास हवा. तो तुमच्या यादीत कुठेच नाही. तो तुम्हाला कुणाकडून तरी मागून घ्यावा लागेल.

शेवटची एक सवय सांगते. शिटी झाली, स्टेशन आले, मूल उठले, की परिच्छेद संपवण्याचा हट्ट धरू नका. जिथे आहात तिथेच समासात पेन्सिलने पुढचा प्रश्न लिहून ठेवा, उदाहरणार्थ ‘मग रेपो दर वाढला तर ठेवींचे काय?’ पुढच्या वेळी पान उघडल्यावर काय वाचले होते हे आठवण्याऐवजी त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला लागता, आणि तुमची ती दोन पाने पाचव्यांदा वाचायची वेळ येत नाही.

मुलुंडकर (मुंबई):

या धाग्यावर लिहावे की नाही असा विचार करत होतो, कारण प्रश्न आयांना विचारला आहे. पण गोदाकाठ यांनी दीड तास ‘मागून घ्यावा लागेल’ असे लिहिले आहे आणि तो बहुधा आमच्यासारख्यांकडून मागायचा असल्यामुळे लिहितो.

मी आणि माझी पत्नी अनेक वर्षे एकाच वेळची लोकल पकडत आलो, ती बायकांच्या डब्यातून आणि मी पुरुषांच्या. त्या चाळीस मिनिटांत मी पेपर वाचत असे किंवा झोपत असे. ती मटार सोलत असे, मेथी निवडत असे, मुलाच्या वह्यांना कव्हर घालत असे. एकदा घाईत आमच्या पिशव्यांची अदलाबदल झाली आणि माझ्या डब्यात मी पिशवी उघडली तर आत अर्धा किलो गवार, प्लास्टिकची एक पिशवी आणि छोटी सुरी. त्या दिवशी मी गवार मोडली नाही हे कबूल करतो. संध्याकाळी पिशवी तशीच परत दिली. पण माझा प्रवासातला वेळ माझा आणि तिचा मात्र घराचा, ही वाटणी कुणी केली असा प्रश्न मला त्या पिशवीनेच पहिल्यांदा पाडला.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात जे लोक भाग घेतात, त्यांपैकी स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७. पुन्हा २०२४ मध्ये पाहणी झाली तेव्हा स्त्रियांची मिनिटे २८९ वर आली आणि पुरुषांचीही ८८ वर. म्हणजे पाच वर्षांत दोघांमधले अंतर २०२ मिनिटांवरून २०१ वर आले. शिवाय हे आकडे ‘जे भाग घेतात’ त्यांचे आहेत. अजिबात भाग न घेणारे पुरुष त्यात मोजलेलेच नाहीत.

म्हणून मोगराताईंना माझे सांगणे असे, की मधल्या वेळांची जशी नोंद केली तशी यजमानांच्या मधल्या वेळांचीही त्यांच्याबरोबर बसून करावी. भांडायला म्हणून नव्हे. पाळ्या बदलत असल्या तरी आठवड्याची सुट्टी असतेच. ‘तू अभ्यास कर, मी आहे’ असे मोघम म्हणणाऱ्या नवऱ्याचा उपयोग होत नाही, कारण तो दर दहा मिनिटांनी दार उघडून ‘बाळाची वाटी कुठे आहे’ असे विचारतो. हेही मी अनुभवाने सांगतो. मुलांना घेऊन घराबाहेर पडायचे, आणि परत येण्याची वेळ आधी सांगून जायचे, एवढे ठरवून घ्या.

माणदेशी आजी (सातारा):

अगं मोगरा, वयाने मोठी आहे म्हणून एकेरीत लिहिते, रागावू नकोस.

मी बालवाडीत शिकवत होते तेव्हा यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले. ते विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला सुरू झाले आणि आमच्यासारख्या, लग्नाने शिक्षण तुटलेल्या कितीतरी बायकांना त्याचा आधार झाला. रॉकेलच्या रांगेत डबा पुढे सरकवत सरकवत मी इतिहास वाचला आहे. रांग लांब असली तर मला आत कुठेतरी बरे वाटायचे, कारण तेवढा वेळ घरातले कुणी हाक मारू शकत नव्हते. आता रांगा गेल्या आणि हाक खिशातल्या मोबाइलमधून येते.

वरच्या मंडळींनी सांगितलेले सगळे योग्यच आहे. पण तुझी यादी वाचताना मला एक गोष्ट खटकली. दिवसातला असा एकही मधला वेळ तू सोडला नाहीस, की ज्यात तू नुसती बसलेली आहेस. डबा खाल्ल्यावरची दहा मिनिटे अभ्यासाला, झोपण्याआधीची वीस अभ्यासाला. आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरीचे पाणी उपसून संपले की रात्रभर थांबतात, झरे पुन्हा भरतात, मग पहाटे मोट लावतात. रिकाम्या विहिरीत मोट सोडली तर गाळच वर येतो. त्या दोन वेळा सोडून दे. दहा मिनिटे मैत्रिणींशी बोल, नाहीतर डोळे मिटून बस. आणि सुट्टीच्या दिवशी धाकटा दुपारी झोपला की पुस्तक न काढता तू पण झोप.

सासूबाईंना विचारून बघ. करार न बोललेला आहे असे तूच लिहिले आहेस, मग तो बोलून थोडा बदलता येतो का ते पाहा. आठवड्यातून एक दिवस त्यांनी तासभर जास्त बघायचे आणि त्याच्या बदल्यात त्यांना देवळात, भजनाला किंवा बहिणीकडे जायला दुसरा एक दिवस पूर्ण द्यायचा. माझ्या सासूने मला असा मंगळवार दिला होता. मी तिला शनिवार दिला. ती कधी म्हणाली नाही की सून शिकते म्हणून सवलत देते. ती म्हणायची, माझा शनिवार मोडू नकोस म्हणजे झाले.

मोगरा (बदलापूर):

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे हे करून पाहिले आणि मगच लिहायला बसले आहे.

कार्डे लागू पडली. लग्नपत्रिका आमच्याकडेही निघाल्या, त्यांतली एक तर आमच्याच लग्नाची होती, ती मात्र कापली नाही. सकाळची तीन कार्डे जवळजवळ रोज होतात. एकदा एक आमटीत पडले आणि रेपो दर हळदीने पिवळा झाला. लोकलमध्ये जागा मिळाली तर वाचन, न मिळाली तर माझ्याच आवाजातले मुद्रण, असे ठरवून टाकल्यामुळे दारात उभे राहूनच दिवसाची सुरुवात चिडचिडीने होत नाही. समासात प्रश्न लिहिण्याची सवय अजून अंगवळणी पडायची आहे, शिटी झाली की पेन्सिल हातातून सुटते आणि आधी गॅस बंद होतो.

स्केटिंगची ४० मिनिटे मी स्वतःहून सोडली. दुसऱ्या आठवड्यात मुलगी वळणावर पडली, उठली आणि तिने आधी बाकाकडे पाहिले. मी कार्ड उलटत होते. घरी जाताना ती एवढेच म्हणाली, की ‘तू बघितलेच नाहीस, मी आपली आपण उठले.’ आता तिथे कार्डे पिशवीतच राहतात. आजींच्या सांगण्याप्रमाणे दुपारची दहा आणि रात्रीची वीस मिनिटेही वजा केली, त्यामुळे १२७ मधून आता ५७ उरली आहेत. गंमत अशी, की १२७ मध्ये जे होत नव्हते ते या ५७ मध्ये होते आहे.

सासूबाईंशी बोलले. त्यांनी गुरुवार मागितला, कारण त्या दिवशी मठात आरती असते. त्यांना दर गुरुवारी जायचे होते आणि आजवर कुणी विचारलेच नव्हते. दोन वर्षे मी त्यांच्यासमोर चपला काढत होते आणि मलाही ते सुचले नव्हते. यजमान सुट्टीच्या दिवशी दोन्ही मुलांना घेऊन उल्हास नदीकाठी जातात आणि साडेअकराला परत येतो असे सांगून पावणेबाराला येतात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तर गेल्या सुट्टीला मी दार लावून घसाऱ्याची गणिते घेऊन बसले. दोन सुटली, तिसरे अडले आहे. गोदाकाठताई, एक लाख रुपयांचे यंत्र आहे, घसाऱ्याचा दर वार्षिक १० टक्के, घटत्या शिलकेची पद्धत, आणि तीन वर्षांनंतरची पुस्तकी किंमत विचारली आहे. माझे उत्तर ७०,००० येते आणि पुस्तकात ७२,९०० दिले आहे. पुस्तकात छापण्याची चूक आहे का?

गोदाकाठ (नाशिक):

पुस्तक बरोबर आहे. तुम्ही तिन्ही वर्षे मूळ किमतीवरच १० टक्के काढून दरवर्षी १०,००० वजा केले आहेत. ती स्थिर हप्त्याची पद्धत झाली. घटत्या शिलकेच्या पद्धतीत मागच्या वर्षी जे उरले त्यावर टक्के काढायचे. पहिल्या वर्षी १०,००० गेले, उरले ९०,०००. दुसऱ्या वर्षी त्याचे १० टक्के म्हणजे ९,००० गेले, उरले ८१,०००. तिसऱ्या वर्षी ८,१०० गेले, उरले ७२,९००. याचे कार्ड करू नका, पुढच्या सुट्टीला हेच गणित १५ टक्के दर धरून वहीत एकदा सोडवा आणि उत्तर इथे लिहा, मी तपासून देईन.